सरफोजी राजे आणि पृथक्करणाची विद्या

तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाची कीर्ती महाराष्ट्राला नवी नाही. ताडपत्रांवरील पोथ्या, मराठी संतकवींची हस्तलिखिते, मोडी कागदांची दप्तरे आणि रंगीत चित्रांनी नटलेले ग्रंथ यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. परंतु या संग्रहातील दोन गोष्टी सहसा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या जात नाहीत. एक आहे लाव्हॉइझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचा, १७८९ साली प्रथम प्रसिद्ध झालेला रसायनशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ. दुसरी म्हणजे नेत्ररोग्यांची टिपणे. रोगी कोण, त्याच्या डोळ्याला काय झाले होते, कोणता उपचार केला आणि त्याचा परिणाम काय झाला हे त्यांत लिहिलेले असून सोबत डोळ्यांची रंगीत चित्रेही काढलेली आहेत.

हा ग्रंथ आणि ही टिपणे तंजावरास आली ती एकाच पुरुषामुळे. तो पुरुष म्हणजे दुसरे सरफोजी राजे. पदार्थाचे घटक वेगळे करून ते ओळखावयाचे व मोजावयाचे, या शास्त्राला आपण पृथक्करण म्हणतो. नदीचे पाणी शुद्ध आहे की नाही, रोग्याच्या मूत्रात साखर उतरते की नाही, मृताच्या जठरात विष आहे की नाही, याचा निर्णय आज या शास्त्रावाचून होत नाही. ते शास्त्र युरोपात आकार घेत होते, नेमक्या त्याच काळात कावेरीच्या काठी एक मराठी राजा त्याचे ग्रंथ मागवून वाचीत होता. तो तिथवर कसा पोहोचला आणि त्याच्यामागे ती विद्या तंजावरात का रुजली नाही, हा प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे.

सरफोजींचा जन्म १७७७ सालचा. तंजावरचे तुळजाजी राजे यांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले. दत्तविधान शास्त्रोक्त नाही असा वाद उपस्थित झाला आणि गादीवर अमरसिंह बसले. दहा वर्षांच्या या मुलाचा सांभाळ तुळजाजींनी ज्यांच्यावर सोपविला होता त्यांत श्वार्ट्झ नावाचा जर्मन धर्मोपदेशक होता. पुढे मुलाच्या शिक्षणाची व सुरक्षिततेची चिंता वाटू लागल्यावर १७९३ साली त्यांना मद्रासेस नेण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण चालू राहिले. दत्तविधानाचा वाद अखेर त्यांच्या बाजूने सुटला आणि जून १७९८ मध्ये ते गादीवर आले. हा दिवस पाहण्यास श्वार्ट्झ मात्र उरला नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तो वारला होता.

गादी मिळाली खरी, पण राज्य हाती राहिले नाही. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे राहिला तो किल्ला व त्याच्या आसपासचा थोडा मुलूख, वर्षाला एक लाख पगोड्यांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. एकोजींनी १६७५ च्या सुमारास स्थापिलेल्या राज्याचा वारस बाविसाव्या वर्षी पेन्शनर झाला. अशा स्थितीत पुष्कळ संस्थानिकांनी काळ कसा घालविला हे इतिहासाला ठाऊक आहे. सरफोजींनी आपला पैसा आणि रिकामा झालेला वेळ विद्येकडे वळविला. त्यांनी १८०३ साली आपल्या कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. देवनागरी अक्षरांचा छापखाना काढून इसापाच्या गोष्टी मराठीत छापविल्या. लंडनच्या टोरिन नावाच्या गृहस्थामार्फत युरोपीय ग्रंथ मागविले. असे सुमारे चार हजार ग्रंथ त्यांनी जमविले. नगरात तलाव व विहिरी खोदविल्या आणि सांडपाण्यासाठी भुयारी गटारे बांधविली. राजवाड्यात त्यांनी धन्वंतरी महाल स्थापन केला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कार्य हेच होय.

धन्वंतरी महालात आयुर्वेदाचे वैद्य होते, सिद्ध वैद्यकाचे तमिळ वैद्य होते, युनानी हकीम होते आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकारही होते. माणसांची औषधे तेथे तयार होत, तशीच जनावरांचीही होत. या वैद्यांजवळ शरीरातील द्रव आणि पिण्याचे पाणी पारखण्याची जुनी विद्या होती. ती काय होती हे समजून घेतल्याशिवाय नव्या विद्येचे मोल कळणार नाही.

सुश्रुताने पाण्याचे दोष सहा प्रकारांनी ओळखावयास सांगितले आहेत. स्पर्श, रूप, रस आणि गंध हे चार तर सरळ इंद्रियांचे विषय. उरलेले वीर्य आणि विपाक हे दोन परिणामावरून कळावयाचे. गढूळ पाणी निवळविण्यासाठी कतकाचे, म्हणजे निवळीचे बी वापरावयाचे, हेही त्याने नोंदविले आहे. मधुमेह्याच्या मूत्राला मुंग्या लागतात हे आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. तमिळ देशातील सिद्ध वैद्य एक पायरी पुढे गेले होते. रोग्याचे सकाळचे मूत्र भांड्यात घ्यावयाचे, प्रथम त्याचा रंग, गंध व फेस पाहावयाचा आणि मग त्यावर तिळाच्या तेलाचा एक थेंब अलगद सोडावयाचा. थेंब सापासारखा लांबत गेला तर वाताचा विकार, कड्यासारखा पसरला तर पित्ताचा, मोत्यासारखा एकत्र राहिला तर कफाचा, असा निर्णय होई. आयुर्वेदातही तैलबिंदुपरीक्षा सांगितलेली आहेच.

या परीक्षांना हसण्याचे कारण नाही. नमुना केव्हा घ्यावा, कसा ठेवावा, कोणत्या क्रमाने पाहावा याचे नियम त्यांत आहेत, आणि पृथक्करणाची पहिली शिस्त तीच होय. उणीव होती ती दुसरीकडे. दोष आहे हे वैद्याला कळे. दोष निर्माण करणारा पदार्थ त्याच्या हाती येत नसे. तो किती आहे हे तर सांगताच येत नसे. वैद्याचा डोळा आणि अनुभव हेच मोजमापाचे साधन होते, आणि वैद्य बदलला की मापही बदलण्याचा संभव होता.

युरोपातही अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत परिस्थिती फारशी निराळी नव्हती. ती पालटली सरफोजींच्या जन्माच्या आगेमागे. स्वीडनमधील उप्साला येथील बेर्गमान याने १७७८ साली पाण्याच्या पृथक्करणावर निबंध लिहिला. पाण्यात ठरावीक द्रव घालावयाचे आणि काय होते ते पाहावयाचे, ही त्याची रीत. लिटमसच्या रंगावरून आम्ल कळे. चांदीच्या क्षाराचा द्राव घातल्यावर दह्यासारखा पांढरा साका बसला तर पाण्यात मिठाचा अंश आहे असे ठरे. चुना शोधावयाचा तर ऑक्झॅलिक आम्ल घालावयाचे. साका गाळून, वाळवून तोलला की पदार्थ आहे एवढेच नव्हे तर तो किती आहे तेही सांगता येई.

लाव्हॉइझिए याची कीर्तीही पाण्यावरील प्रयोगापासूनच सुरू होते. पाणी पुष्कळ काळ उकळले की त्याची माती होते, अशी एक जुनी समजूत होती; उकळलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ साचतो हा तिचा पुरावा. लाव्हॉइझिएने १७६८ च्या ऑक्टोबरात शुद्ध पाणी काचेच्या बंद भांड्यात घालून ते १०१ दिवस तापत ठेवले. अखेरीस गाळ दिसला, परंतु बंद भांड्याचे एकूण वजन मुळीच बदलले नव्हते. भांडे रिकामे करून तोलले तेव्हा काच हलकी झाल्याचे आढळले. गाळ पाण्याचा नव्हता, काचेचा होता. शतकानुशतकांचा वाद एका तराजूने मिटविला. शिवाय या प्रयोगाने पृथक्करण करणाऱ्याला एक कायमचा इशाराही दिला : नमुन्यात सापडलेली वस्तू नमुन्याचीच असेल असे नाही, ती भांड्याचीही असू शकते.

शरीरातील द्रवांची परीक्षाही त्याच काळात याच मार्गाने जाऊ लागली. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या वैद्याने १७७६ साली मधुमेह्याचे मूत्र मंदाग्नीवर आटविले. तळाशी पांढरा, दाणेदार पदार्थ उरला आणि त्याची चव साखरेसारखी होती. आपल्याकडील मुंग्यांनी जे सुचविले होते ते आता भांड्याच्या तळाशी दिसू लागले. पुढे पॅरिसमधील फूरक्रॉय आणि त्याचा सहकारी व्होकलँ यांनी मूत्रातील एक पदार्थ वेगळा करून त्याचा सांगोपांग अभ्यास केला आणि १७९९ च्या सुमारास त्याला आजचे युरिया हे नाव दिले. मूतखड्यांचे सहाशेंहून अधिक नमुने त्यांनी तपासले. सर्व खडे एकाच द्रव्याचे नसतात, त्यांच्या जाती भिन्न आहेत, हे अशा परिश्रमांतून स्पष्ट झाले. अश्मरीवरील शस्त्रक्रियेचे सविस्तर वर्णन सुश्रुताने केले होते. तो खडा कशाचा बनला आहे याचे उत्तर आता मिळू लागले.

हे सारे तंजावरच्या राजाच्या कानी होते काय? त्याची साक्ष एका इंग्रज धर्माधिकाऱ्याने दिली आहे. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर मार्च १८२६ च्या अखेरीस तंजावरास आला होता. त्याने आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे की आपण चार दिवस एका हिंदू राजाच्या सहवासात घालविले, आणि हा राजा फूरक्रॉय, लाव्हॉइझिए, लिनियस व ब्यूफाँ यांच्या ग्रंथांतील उतारे अस्खलितपणे देतो. शेक्सपिअरबद्दलच्या त्याच्या मार्मिक मताचेही हेबरला नवल वाटले. पुढे थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल रोजी, हेबर तिरुचिरापल्लीस मृत्यू पावला.

या साक्षीतील नावांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. लिनियस आणि ब्यूफाँ हे वनस्पती व प्राणी यांचे वर्णन करणारे पंडित. त्यांचे वाचन संग्राहक वृत्तीच्या राजाला साजेसेच होते. परंतु फूरक्रॉय आणि लाव्हॉइझिए यांच्याकडे वळावयाचे तर नुसता छंद पुरत नाही. त्यांचे ग्रंथ तराजू, भट्टी, गाळणी आणि आकडे यांनी भरलेले आहेत. औषधशाळा चालविणाऱ्या आणि रोग्यांच्या हकिगती लिहून ठेवणाऱ्या राजाला या दोघांच्या ग्रंथांची गोडी लागावी, यात एक सुसंगती आहे.

ती सुसंगती धन्वंतरी महालाच्या कार्यपद्धतीत दिसते. परंपरेने आलेली औषधे येथे रोग्यांवर अजमावून पाहिली जात. गुणकारी ठरलेले पाठ पुढे तमिळ पद्यात बांधण्यात आले. सरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने ते प्रसिद्ध असून सरभेंद्र हे सरफोजींचेच नाव होय. अनुभवाला उतरले तेवढेच टिपावयाचे, हा दंडक तत्कालीन वैद्यकात सामान्य नव्हता. नेत्ररोग्यांची टिपणे तर त्याहून बोलकी आहेत. राजांच्या देखरेखीखाली आणि एका इंग्रज डॉक्टराच्या साहाय्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत. डोळा शस्त्रक्रियेपूर्वी कसा होता आणि नंतर कसा झाला, हे लिहून व चितारून ठेवले जाई. १८२० साली सुमारे ३,००० माणसांचा लवाजमा घेऊन राजे काशीयात्रेस निघाले, तेव्हा शस्त्रक्रियेची हत्यारेही त्यांच्याबरोबर होती असे सांगतात. टिपण ठेवण्याची ही सवय म्हणजे पृथक्करणशास्त्राचा निम्मा भाग होय. ज्याची नोंद नाही त्याची तुलना होत नाही, आणि जेथे तुलना नाही तेथे शास्त्र उभे राहत नाही.

उरलेला निम्मा भाग मात्र ग्रंथ वाचून येत नाही. साका किती वेळ बसू द्यावा, गाळणकागद कितीदा धुवावा, भांडे कोरडे झाले हे कशावरून ओळखावे, तराजूचा काटा स्थिर झाला असे केव्हा समजावे, या गोष्टी जाणकाराच्या शेजारी उभे राहून, त्याच्या देखत चुकत चुकत शिकाव्या लागतात. पॅरिसमध्ये नेमके हेच घडत होते. व्होकलँ हा नॉर्मंडीतील शेतकऱ्याचा मुलगा. औषधविक्रेत्याकडे भांडी धुण्यापासून त्याने आरंभ केला आणि फूरक्रॉयच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला. व्होकलँच्या हाताखाली शेव्हरल शिकला, आणि डॉब्सनने चाखून पाहिलेली मधुमेह्याच्या मूत्रातील साखर म्हणजे द्राक्षांतील साखरच होय, हे शेव्हरलने १८१५ साली दाखवून दिले. लाव्हॉइझिएला १७९४ च्या मे महिन्यात क्रांतीच्या धुमाळीत शिरच्छेदाची शिक्षा झाली. तरी ती विद्या मेली नाही. गुरूकडून शिष्याकडे आणि शिष्याकडून प्रशिष्याकडे जाण्याची वाट शिक्षणसंस्थांनी मोकळी ठेवली होती.

जर्मनीत तर याहून मोठी गोष्ट घडत होती. हेबर तंजावरास आला त्याच्या दोनच वर्षे आधी, १८२४ साली, गीसेन येथे लीबिग नावाचा एकवीस वर्षांचा तरुण प्राध्यापक झाला होता. विद्यार्थ्याने व्याख्यान ऐकून समाधान न मानता स्वतःच्या हातांनी पृथक्करण करावे, प्रथम पदार्थ ओळखावयास शिकावे आणि मग तो मोजावयास शिकावे, असा क्रम त्याने घालून दिला. त्याचा शिष्य फ्रेझेनियस याने १८४१ साली लिहिलेले पुस्तक या विद्येचा पाठ्यग्रंथ ठरले. आज जगातील कोणत्याही महाविद्यालयात क्षारांच्या पृथक्करणाचा जो क्रमबद्ध पाठ गिरविला जातो, त्याचे मूळ या परंपरेत आहे.

तंजावरास अशी वाट बांधली गेली नाही. तेथे ग्रंथ होते, वैद्य होते, रोगी होते, टिपणे होती आणि या सर्वांच्या मधोमध एक जिज्ञासू राजा होता. परंतु सर्व धागे त्या एकाच हाती होते. राजांचा मृत्यू मार्च १८३२ मध्ये झाला. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ साली पुरुष वारसाशिवाय निवर्तले आणि कंपनीने तंजावर खालसा केले. ज्या दरबाराच्या आश्रयाने धन्वंतरी महाल चालत होता तो दरबारच उरला नाही. ग्रंथ राहिले, कागद राहिले, कार्य थांबले. यात सरफोजींचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. ज्याच्या हातून राज्याचा कारभार काढून घेतलेला आहे त्याने पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी शिक्षणसंस्था कशाच्या बळावर उभी करावी? नेमणुकीच्या पैशातून ग्रंथ विकत घेता येतात. विद्यापीठ उभे करावयास सत्ता लागते.

पृथक्करणशास्त्र दक्षिणेत आले ते निराळ्याच दाराने. मद्रासेस, तंजावरपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवर, १८४९ साली सरकारी रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा स्थापन झाली. हिंदुस्थानातील अशा प्रयोगशाळांत ती पहिली गणली जाते. पुढे १८५३ साली कलकत्त्यास, १८६४ साली आग्र्यास आणि १८७० साली मुंबईस तशा प्रयोगशाळा निघाल्या. मुंबई इलाख्यातील अधिकाऱ्याला केमिकल अनालायझर म्हणत. महाराष्ट्रातील कोर्टकचेऱ्यांत सी. ए. रिपोर्ट हा शब्द रूढ झाला तो त्यामुळेच. या प्रयोगशाळांचे प्रमुख काम म्हणजे संशयित मृत्यूंत जठर, यकृत इत्यादी अवयवांतील विष शोधणे. सोमलाचा अत्यल्प अंशही दाखवून देणारी मार्श याची परीक्षा १८३६ सालीच प्रसिद्ध झाली होती, आणि सोमल हे तर आपल्याकडील विषप्रयोगांचे नेहमीचे साधन. अशा रीतीने शरीरातील द्रव्यांचे रासायनिक परीक्षण या देशात सरकारी खाते म्हणून आले, न्यायालयाच्या गरजेपोटी आले. धन्वंतरी महालात ते रोग्याच्या गरजेपोटी येऊ शकले असते, एवढे मात्र मनात आल्याशिवाय राहत नाही.

सरस्वती महाल १९१८ साली सर्वांसाठी खुला झाला. विसाव्या शतकात सरभेंद्र वैद्यकाचे भाग छापून प्रसिद्ध झाले आणि नेत्ररोग्यांच्या टिपणांकडे नेत्रवैद्यांचे लक्ष गेले. आजचा विद्यार्थी कावेरीचे पाणी किंवा माणसाचे रक्त तपासतो तेव्हा त्याच्यापुढे अशी यंत्रे असतात की जी अब्जावधी कणांतून एका कणाचा माग काढतात. परंतु यंत्राकडे जाण्यापूर्वी त्याला जे शिकविले जाते ते जुनेच आहे. नमुना कोठून व केव्हा घेतला हे बाटलीवर लिहावे. बाटली स्वच्छ आहे याची खात्री करावी, कारण लाव्हॉइझिएच्या काचेने एकदा सर्वांना फसविले होते. नमुन्यासोबत निव्वळ शुद्ध पाणीही त्याच रीतीने तपासावे, म्हणजे भांड्याचा व हाताचा दोष उघडा पडेल. आणि जे दिसले ते त्याच वेळी लिहून ठेवावे. स्मरणावर विसंबू नये.

यांतील शेवटचा नियम तंजावरच्या राजाने कोणा प्राध्यापकाकडून शिकण्यापूर्वीच आचरणात आणला होता. राज्य गेल्यावर त्याने डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे ठेविली, आणि ती टिपणे राज्यापेक्षा अधिक काळ टिकली. त्या कागदांशेजारी लाव्हॉइझिएचा ग्रंथ आहे. मधली प्रयोगशाळा तेवढी नाही. परकी सत्ता आणि आश्रयाचा अभाव यांमुळे आपल्याकडील किती विद्या अशा मधल्या दुव्यावाचून राहिल्या असतील, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. तो मांडावयाचा झाल्यास आरंभ तंजावरच्या या दोन फळ्यांपासून करता येईल.